दोन्ही हातांना पुस्तकं

हैदराबादला निघाले तेव्हा माझ्या बॅगेत कपडे कमी आणि पुठ्ठा जास्त होता. नाशिकच्या आर्किटेक्चर कॉलेजात मी चौथ्या वर्षाला आहे. या सत्राला सरांनी सांगितलं होतं, की कागदावरची शहरं आता पुरे झाली. प्रत्येकानं कुठल्याही गावात, कुठल्याही रस्त्यावर, एक तरी वस्तू खऱ्या मापात उभी करायची, दिवसभर तिच्यापाशी थांबायचं आणि लोक तिचं काय करतात ते टिपून आणायचं. वर्गातल्या कुणी गोदावरीचा घाट घेतला, कुणी बसस्टँड. मी आबिड्सचा रविवारचा पुस्तकबाजार घेतला. आठवडाभर गजबजलेल्या त्या बाजारपेठेत रविवारी दुकानं बंद असतात आणि त्यांच्या बंद शटरांपुढे जुन्या पुस्तकांचे विक्रेते चादरी पसरून बसतात. माझी आतेबहीण प्रज्ञा मला त्याचे फोटो पाठवायची. ते बघून मी तीन महिने खपून एक घडीची भिंत तयार केली होती. शटरला टेकवायची, दोन मिनिटांत उलगडायची, की सगळी पुस्तकं जमिनीवरून उठून छातीच्या उंचीला येतील. तिचं पुठ्ठ्याचं मॉडेल मांडीवर घेऊन मी रात्रभर गाडीत बसले होते. त्याला मी कुणाला हात लावू देत नव्हते.

रविवार, आबिड्स

आत्याचं घर चिक्कडपल्लीत आहे. आमचं मूळ गाव नांदेडकडचं. आत्या लग्न होऊन इथं आली त्याला तीस वर्षं झाली. मी आंघोळ करून बाहेर आले तेव्हा घरातली बुद्धवंदना आटोपली होती आणि आत्या तव्यापाशी उभी होती.

"टिफिन केल्याशिवाय कुठं जायचं नाही," ती म्हणाली.

"डबा नको आत्या, दुपारी बाहेर काहीतरी खाऊ आम्ही."

प्रज्ञा हसत सुटली. इथं टिफिन म्हणजे सकाळचा नाश्ता, हे मला तेव्हा कळलं. हिरव्या मुगाचा पेसरट्टू, त्यावर बारीक कांदा आणि आलं, बाजूला आल्याचीच गोड-तिखट चटणी. आमच्याकडे मुगाची धिरडी आजारी माणसाला करतात. ही खाऊन आजारी माणूस उठून चालू लागेल.

दहाच्या सुमारास प्रज्ञानं स्कूटीवरून मला आबिड्सला सोडलं. फोटोत बाजार दिसतो, पण त्याची लांबी कळत नाही. एका दुकानाच्या पायरीपासून पुढच्या वळणापर्यंत नुसती पुस्तकं. इंजिनिअरिंगची गाइडं, जाड इंग्रजी कादंबऱ्या, उर्दू मासिकं, तेलुगू भक्तिस्तोत्रं, परदेशी घरांच्या रंगीत छायाचित्रांची वजनदार पुस्तकं. वर शटरांचे निळे, करडे, गंजके पत्रे आणि खाली हा सगळा ऐवज. मी टेप काढला आणि मापं घ्यायला सुरुवात केली. फुटपाथची रुंदी, चादरीची रुंदी, माणसाला पाय टाकायला उरलेली जागा. सगळं माझ्या ड्रॉइंगशी जुळत होतं.

ज्या चादरीपाशी मी सगळ्यात जास्त रेंगाळले ती शाहीन आपांची. पन्नाशीच्या, गुंडाळलेल्या गोणपाटावर बसलेल्या, पाठ शटरला टेकलेली. बराच वेळ त्यांनी मला टेप पसरताना बघितलं आणि मग विचारलं, की फुटपाथ विकत घेणार आहेस का. मी त्यांच्यापुढे बसले, मॉडेल पिशवीतून काढलं आणि उलगडून दाखवलं. घडी सुरेख उघडली. आपांनी ती दोनदा उघडमीट करून बघितली.

"बहुत मेहनत करे बेटा. लेकिन ये नक्को."

"कैकू?" मी त्यांच्याच बोलीत 'का' विचारलं.

"किताबां ऊपर गए तो लोगां खडे-खडे देखते, आगे निकल जाते. नीचे बैठे तो लेते. यकीन नई तो यहां बैठ को देखो."

मी त्यांच्या शेजारी बसले. तासभर तरी बसले असेन. खरंच होतं. उभे राहून बघणारे नजर फिरवत, एखाद्या पुस्तकाला बुटाचं टोक लावत आणि पुढे सरकत. पण जो एकदा उकिडवा बसला, त्याचा हात चालू व्हायचा. तो चार पुस्तकं बाजूला सारायचा, पाचवं उघडायचा, आणि बहुतेक वेळा काहीतरी घेऊनच उठायचा. माझ्या भिंतीनं नेमकं हे बसणंच काढून टाकलं असतं.

तरीही मी वाद घातला. "ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांना खाली बसता येत नाही, त्यांनी काय करायचं?"

"वो आतेच नई," आपा म्हणाल्या.

तो 'च' अगदी मराठी होता. इथल्या दखनीत तो आपल्यासारखाच शब्दाला चिकटतो. पण मी त्या 'च'च्या आनंदात असतानाच वाक्याचा अर्थ लक्षात आला. मी बाजारात आलेल्या माणसांची मापं घेत होते. न आलेल्यांची कुणी घेतली होती?

चिक्कडपल्ली

उत्तर मला संध्याकाळी चहाच्या वेळी घरातच मिळालं. आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही मामा म्हणतो, पोस्टातून निवृत्त झालेले. बोलणं मोजकं. त्यांच्या खोलीत जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकं आहेत आणि ती जवळजवळ सगळी आबिड्सच्या फुटपाथवरची, हे मला माहीत नव्हतं. मी दिवसभराचं सांगत होते, तर आत्या मधेच म्हणाली, "यांचा रविवार कधी चुकायचा नाही. आता तीन वर्षं झाली, जातच नाहीत."

"का हो मामा?"

त्यांनी कप बशीत ठेवला. "वाकलो की कंबर धरते. बसलो की उठता येत नाही. एकदा दोघांनी धरून उठवलं मला, भर बाजारात. मग नाही गेलो."

"कुणाला सांगितलं नाहीत तुम्ही."

"त्यात काय सांगायचं, पोरी."

ते उठले तेव्हा मी पहिल्यांदाच नीट बघितलं. दोन्ही पंजे खुर्चीच्या हातांवर, कोपरं बाहेर, अंग पुढे झुकवून एक थांबा आणि मग वर. दिवसातून वीस वेळा ते असं उठत असतील. मी टेप आणला. मामांनी खुर्चीचं, त्यांच्या गुडघ्याचं, बसल्यावर हात कुठवर पोचतो त्याचं माप मला घेऊ दिलं. समोर जमिनीपर्यंत हात पोचत नव्हता. पण दोन्ही बाजूंना, मांडीच्या उंचीला, हात आरामात फिरत होते.

सोमवारी सकाळी मी सरांना फोन केला आणि सांगितलं की भिंत रद्द. तीन महिन्यांचं काम. मला वाटलं ते रागावतील. ते म्हणाले, "रविवारपर्यंत वेळ आहे तुझ्याकडे. जे टाकतेस त्याचंही ड्रॉइंग सांभाळून आण."

नवी कल्पना इतकी साधी होती की मला आधी लाजच वाटली. दोन लाकडी पेट्या, मधे एक फळी. पेट्यांत पुस्तकं उभी, पाठी वर केलेली. फळीवर माणूस. तो बसला की दोन्ही हातांना पुस्तकं. बाकीची चादर जमिनीवर होती तशीच राहणार, कारण तिथं आपांचं म्हणणं खरं होतं. संध्याकाळी फळी काढायची आणि पेट्या पुस्तकांसकट ढकलत न्यायच्या. फळी पेटीच्या काठापेक्षा चार बोटं खाली, म्हणजे उठताना काठावर पंजे रोवता येतील, मामा खुर्चीवर रोवतात तसे.

दुपारी मी जवळच्या कोठी भागात गेले. रविवार सोडून आपा तिथं शाळेची पुस्तकं विकतात. त्यांनी पेट्यांच्या ड्रॉइंगचा कागद उलटासुलटा करून बघितला आणि एकच अट घातली. "मैं अकेली ढकेल सकी तो ठीक. पहले मेरा आदमी था, वो उठाता था. अब मैंच हूं."

जामबाग

कोठीला लागूनच जामबाग आहे. जुन्या शाळांचा भाग, आणि त्याच गल्ल्यांत सुतारांची दुकानं. प्रज्ञाच्या ओळखीनं मला यादय्या भेटले. साठीचे, कानावर पेन्सिल, तेलुगू माणूस, पण त्यांची बहीण सोलापुरात दिलेली, त्यामुळे मराठी कळायचं आणि बोलायचंही, सोलापुरी हेल काढून. त्यांच्याकडे एका शाळेतून निघालेल्या जुन्या बाकांचा ढीग होता. अस्सल सागवान. फळ्यांवर शाईचे डाग आणि कंपासच्या टोकानं कोरलेली तीन लिप्यांतली नावं. मी म्हटलं हेच लाकूड हवं. ते म्हणाले, "रंधा मारून नवं करतो की." मी म्हटलं नको, नावं राहू द्या. त्यांनी माझ्याकडे जरा संशयानं बघितलं, पण राहू दिली.

ते चार दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात भराभर गेलेले दिवस आहेत. कॉलेजात मी हजार रेघा मारल्या असतील, पण रेघेला वजन असतं हे मला तिथं कळलं. माझ्या ड्रॉइंगमधली फळी यादय्यांनी बोटानं दाबून दाखवली. "जाडा माणूस बसला की हसंल ही, मधे वाकंल." फळी जाड झाली. माझे काटकोनी कोपरे त्यांनी मला न विचारताच गोल केले. मी विचारल्यावर म्हणाले, "फुटपाथ आहे अम्मा. चालणाऱ्याची मांडी फुटंल." चहा दिवसातून चार वेळा यायचा, इराणी, साय धरलेला, सोबत खारट-गोड बिस्किट. नाशिकला मी बिस्किट बुडवलं की आई रागावते. इथं न बुडवणाऱ्याकडे लोक बघतात.

गुरुवारी पेट्यांना चाकं लागली. फळी बसवली. मी म्हटलं, पहिला मान तुमचा. यादय्या चहाचा ग्लास घेऊन ऐटीत फळीवर बसले, आणि दोन्ही पेट्या दोन दिशांना निघाल्या. फळी आपटली, यादय्या जमिनीवर, चहा त्यांच्या लुंगीवर. मला रडायला आलं. धावत जाऊन मी त्यांचा हात धरला, सॉरी सॉरी म्हणत राहिले. ते तिथंच बसून राहिले आणि चाकांकडे बघत म्हणाले, "वद्दम्मा, वद्दु. चार चाकं नको." मग उठले, लुंगी झटकली आणि प्रत्येक पेटीची दोन चाकं काढून टाकली. आता चाकं फक्त मागच्या काठाला, जमिनीपासून जरा वर. पेटी सरळ ठेवली की तळावर घट्ट बसते. मूठ धरून तिरकी केली, प्रवासाच्या बॅगेसारखी, की मगच चालते. मी ड्रॉइंगमधे ही गोष्ट तीन दिवस शोधत होते. त्यांनी पडल्या जागी शोधली.

पुन्हा रविवार

पेट्या टेम्पोतून आबिड्सला पोचल्या तेव्हा आपा चादर अंथरत होत्या. पहिली गोष्ट त्यांनी केली ती म्हणजे एक पेटी भरून, तिरकी करून, खांबापर्यंत एकट्यानं नेऊन आणली. परत आल्यावर लगेच दुसरी पेटी भरायला लागल्या.

फळीवर बसणारा पहिला माणूस एक तरुण होता. तो बसला आणि मोबाइल बघू लागला. दहा मिनिटं झाली तरी त्याचा हात एकाही पुस्तकाकडे गेला नाही. ही भीती मला होतीच. मी आपांकडे बघितलं. आपा गोणपाटावरून म्हणाल्या, "उठो बाबा. ये पढनेवालों की जगह है." तो खरंच उठला. कॉलेजात आम्ही सार्वजनिक जागेवर कुणाचा ताबा असावा यावर पानंच्या पानं लिहिली आहेत.

मग हळूहळू योग्य माणसं येऊ लागली. एक पोटुशी बाई, जिचा नवरा चादरीपाशी उकिडवा बसून कुठलीशी गाइडं शोधत होता. ती फळीवर टेकली आणि पाच मिनिटांत तिच्या मांडीवर तीन पुस्तकं होती. एक शिक्षक. काठी घेतलेले एक उर्दू बोलणारे आजोबा. मी वहीत उभ्या रेघा मारत होते आणि कुणाला दिसू नये म्हणून हसू दाबत होते.

साडेअकराच्या सुमारास ज्या दुकानापुढे आम्ही होतो त्याचे मालक आले. त्यांचा माल घेऊन ट्रक आला होता, शटर उघडायचं होतं, आणि ट्रक वळणावर उभाच होता. ते वाईट बोलले नाहीत, पण जागा ताबडतोब हवी होती. शेजारचे दोघं विक्रेते चादरीची टोकं ओढू लागले. पुस्तकं घसरून रस्त्यावर पडत होती. आपांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. फळी काढून माझ्या हातात दिली, एक पेटी तिरकी केली आणि निघाल्या. दुसरी मी ओढली. चार शटरं पुढे रिकामी जागा होती. परत येऊन आम्ही चौघांनी मिळून चादर उचलली. ट्रक लागेपर्यंत फळी नव्या जागी बसलेली होती आणि तिच्यावर एक बाई मासिक चाळत होती. माझ्या पायात गोळे आले होते. शेजारचा विक्रेता कपाळ पुसत पेट्यांभोवती एक फेरी मारून आला आणि वाकून चाकं कुठं लावली आहेत ते बघून गेला.

बाराला आत्या आणि मामा रिक्षातून उतरले, मागोमाग स्कूटीवर प्रज्ञा. मी मामांना बोलावलं नव्हतं. ते येतील असं मला वाटलंच नव्हतं. नवा शर्ट घातला होता त्यांनी. ते चादरीच्या कडेला उभे राहिले आणि आपांचा हात पुस्तकावरच थांबला.

"साब," त्या म्हणाल्या. "तीन साल हो गए. मैं समझी..."

"नई, नई," मामा म्हणाले. "सिर्फ घुटने."

आपांनी फळी पदराच्या टोकानं पुसली. मामा बसले. डाव्या हाताच्या पेटीपासून त्यांनी सुरुवात केली, एकेक पाठ बोटानं मागे ढकलत. बाजार आजूबाजूनं चालला होता, उन्हानं फुटपाथचा अर्धा भाग खाल्ला होता, आत्या दोनदा म्हणाली की आता जेवायला चला, आणि मामांना काही ऐकू येत नव्हतं. उजव्या पेटीत तळाशी त्यांना एक मराठी पुस्तक सापडलं, मोसंबीच्या बागेवरचं, कुणा शेतकी अधिकाऱ्याचं. त्यांनी ते प्रज्ञापुढे धरलं. प्रज्ञाला मराठी बोलता येतं, वाचायची सवय नाही. "मो... सं... बी," ती म्हणाली, आणि मग पुढची ओळ, बोट ठेवून, अडखळत. मामा मान हलवत ऐकत राहिले. मराठी पुस्तकं इथं कुणी घेत नाही म्हणून आपांनी ते तसंच देऊन टाकलं.

उठायची वेळ आली तेव्हा प्रज्ञा मदतीला पुढे झाली. मी तिचा दंड धरून तिला थांबवलं. मामांनी दोन्ही पंजे पेट्यांच्या काठांवर ठेवले, अंग पुढे झुकवलं, एक क्षण थांबले. आणि उभे राहिले. मग काठाकडे वळून बघितलं आणि त्यावरून एकदा तळवा फिरवला.

त्या दिवशी दुपारी आम्ही सगळ्यांनी मिळून बिर्याणी खाल्ली. ती कशी होती हे मला विचारू नका. मला आठवत नाही.

नाशिक

पेट्या आपांकडेच ठेवून मी परत आले. परीक्षेला बाहेरून आलेले परीक्षक माझ्या फोटोंपुढे उभे राहिले आणि म्हणाले, "दोन पेट्या आणि एक फळी. यात आर्किटेक्चर कुठं आहे?" मी मामा फळीवर बसलेले असतानाचा फोटो पुढे सरकवला. परीक्षकांनी तो उचलून डोळ्यांजवळ नेला. ते स्वतःही साठीच्या पलीकडचे होते.

"हे उठले कसे?" त्यांनी विचारलं.

मग मी त्यांना ती चार बोटं सांगितली, आणि यादय्यांची चाकं, आणि टाकलेल्या भिंतीचं ड्रॉइंगही दाखवलं. आम्ही अर्धा तास बोललो. गुण बरे मिळाले.

गेल्या रविवारी प्रज्ञाचा फोटो आला. शटर वेगळं, चादर वेगळी. आपांच्या शेजारचा तो विक्रेता. त्यानं फळांचे दोन खोके आणले होते, त्यांवर कुठल्यातरी मोडक्या दाराची फळी टाकली होती. एक कोपरा विटेनं उचललेला. फळीवर जाड चष्म्याची एक म्हातारी बाई, दोन्ही हात खोक्यांत घातलेली, मान खाली. फळी माझ्या मापापेक्षा दोन बोटं उंच असावी. तिचे पाय जमिनीला जेमतेम टेकत होते आणि चपला सुटून खाली पडल्या होत्या, पण तिला त्याची काही फिकीर दिसत नव्हती.

मी प्रज्ञाला फोन लावला आणि सांगितलं, त्या भाऊंना म्हणावं, फळी दोन बोटं खाली घ्या.

"मी बोलले की," प्रज्ञा म्हणाली. "ते बोलले, तीन लोगां तर बसून गेले सकाळपासून, मापवाल्या मॅडमला बोलव, स्वतः बसून दाखव म्हणावं."